रेकॉर्ड मिरवू नका, वाजवा

मला जुन्या रेकॉर्ड्स मनापासून आवडतात आणि रेकॉर्ड्स आवडणाऱ्या बऱ्याच लोकांचा तितकाच मनापासून वैताग येतो. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

मी पनवेलला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दिवसभर दुसऱ्यांचा डेटा सांभाळायचा आणि रात्री ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या तबकड्यांवरची धूळ पुसायची, असा दिनक्रम आहे. या छंदात शिरलं की तीन प्रकारची माणसं हमखास भेटतात. पहिला म्हणतो, "व्हायनलचा साउंड कसा वॉर्म असतो ना!" दुसरा म्हणतो, "कशाला हा उपद्व्याप? सगळं तर फोनवर आहे." तिसरा खालच्या आवाजात सांगतो, "ही रेकॉर्ड अख्ख्या महाराष्ट्रात फक्त माझ्याकडे आहे," आणि कपाटाला कुलूप लावतो.

वरवर बघता या तिघांचं एकमेकांशी अजिबात पटणार नाही. पण तिघांचीही एकच अडचण आहे. रेकॉर्डवर नेमकं काय आहे, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. जुनी रेकॉर्ड म्हणजे दस्तऐवज आहे, तोही असा, ज्याची दुसरी प्रत कुठे असेलच याची खात्री नाही. ती ऐकण्यात जो आनंद आहे तो याच गोष्टीतून येतो आणि ती जमवणाऱ्यावर जी जबाबदारी येते तीही याच गोष्टीतून.

ऊब कुठून येते?

पहिल्यापासून सुरुवात करू. "डिजिटल थंड, व्हायनल उबदार" हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने फेकलं जातं की उलट विचारायची चोरी. तरी विचारू. आज दुकानात मिळणारी कोरी करकरीत एलपी बहुतेक वेळा डिजिटल फाइलवरूनच तयार झालेली असते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीचं प्रकरण गाजलं. मूळ टेपवरून थेट बनतात अशी ख्याती असलेल्या तिच्या महागड्या रेकॉर्ड्स बनवताना मध्ये डिजिटल पायरी होती, हे उघड झालं. त्याच रेकॉर्ड्सच्या 'शुद्ध ॲनालॉग' आवाजाची तारीफ शौकीन मंडळी वर्षानुवर्षं करत होती. त्यांना फरक कळला तो बातमी वाचल्यावर.

आकड्यांत बोलायचं तर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांतलं अंतर सीडीवर ९६ डेसिबलच्या आसपास मावतं. चांगल्या एलपीवर साधारण ७०. म्हणजे ज्याला आपण ऊब म्हणतो, त्यातला मोठा भाग त्या माध्यमाची मर्यादा आहे. मर्यादा आवडू शकते, मलाही आवडते. पण तिला गुणवत्ता म्हणून विकू नका.

तरीही फॅशन जोरात आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत १९८७ नंतर पहिल्यांदाच सीडींपेक्षा व्हायनल रेकॉर्ड्स जास्त विकल्या गेल्या: जवळपास ४ कोटी १० लाख व्हायनल, ३ कोटी ३० लाख सीडी. ती लाट आपल्याकडे आली ती इन्स्टाग्रामवरून. सूटकेससारखे दिसणारे प्लेअर आले. त्यातले बरेचसे पाच-सहा ग्रॅम वजनाने पिन खाचेवर दाबतात. चांगल्या प्लेअरवर हे वजन दोन ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे तुम्ही 'फील' घेत असता आणि तुमची रेकॉर्ड झिजत असते. आणि मग ते कॅफे. भिंतीवर जुन्या रेकॉर्ड्स खिळ्यांनी ठोकलेल्या. मधोमध आयतं भोक असताना यांना दुसरं पाडावंसं वाटतं! असल्या भिंतीसमोर बसलो की कॉफी गोड लागत नाही. कारण तिथे कुणाचा आवाज ठोकलाय हे मालकालाही ठाऊक नसतं आणि वेटरलाही.

तीन मिनिटांची मजा

मग खरी मजा कशात आहे?

आधी एक गोष्ट. ज्या जुन्या रेकॉर्ड्सबद्दल मी बोलतोय, त्यातल्या कित्येक व्हायनलच्या नाहीतच. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळच्या रेकॉर्ड्स लाखेच्या असत. तीच लाख, जी झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांत किडे झाडांवर तयार करतात. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळायची आणि तापवून साच्यात दाबायची. पडली की फुटली. जगाने पन्नासच्या दशकात एलपीची वाट धरली, तरी आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन घरोघरी होते, म्हणून साठच्या दशकातही ७८ निघत राहिल्या. भारतात निघालेल्या बीटल्सच्या ७८ साठी परदेशी संग्राहक आजही जीव टाकतात, ते याचमुळे.

दहा इंची ७८ च्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावतात. मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या माणसाला तीन मिनिटं दिली तर तो काय ठेवतो आणि काय सोडतो, हे ऐकणं म्हणजे मोठी शिकवणी आहे. आलापाचे चार स्वर, लगेच बंदिश, दोन दाणेदार ताना, संपलं. पाल्हाळाला जागाच नाही. आम्ही इंजिनिअर लोक ज्याला कॉम्प्रेशन म्हणतो, ते इथे माणूस स्वतःच्या गळ्याने करतोय.

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. तेव्हा रेकॉर्ड्स जर्मनीतल्या हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कामगारांना कुठलं गाणं कुणाचं हे कळायला हवं, म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. कारण तांत्रिक असेल. पण सव्वाशे वर्षांपूर्वीची एक बाई गाणं संपताच ठसक्यात आपलं नाव सांगते, तेव्हा अंगावर काटा येतो. स्वतःचा मेटाडेटा स्वतःच्या आवाजात!

रेकॉर्डने गाणं नुसतं साठवलं नाही, घडवलंही. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता तीसच्या दशकात रेकॉर्डवर गायली आणि मराठी भावगीत घराघरांत शिरलं. कवितेची लांबी आणि तबकडीची लांबी एकमेकींना अशी फिट बसली की एक नवा गानप्रकारच उभा राहिला. भीमसेन जोशी लहानपणी अब्दुल करीम खाँ यांची रेकॉर्ड ऐकून झपाटले आणि गुरूच्या शोधात घरातून निघाले, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांना पाठ आहे. उलट बाजूही बघा. अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले या दोघांची एकही रेकॉर्ड नाही. महाराष्ट्राच्या गाण्यावर या दोन माणसांचा केवढा ठसा, पण त्यांचा आवाज कसा होता हे आपल्याला फक्त वर्णनांतून आणि शिष्यांच्या गाण्यातून ताडावं लागतं. एक तबकडी असती तर!

आणि रेकॉर्ड एकट्याने ऐकायची वस्तूच नाही. हेडफोन कानात घातला की आपण गर्दीतही एकटे होतो. पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये मी रोज तेच करतो. रेकॉर्डचं तसं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी मी रेकॉर्ड लावली की शेजारच्या आजी दारात येऊन उभ्या राहतात. एकदा एक भावगीत निम्म्यावर आलं असताना म्हणाल्या, "अरे, ही नव्हे, हिची पाठची बाजू लाव. लग्नाच्या मांडवात ती वाजायची." पाठची बाजू लावली. आजींना सगळे शब्द येत होते. ते गाणं मी नेटवर शोधलं होतं, सापडलं नव्हतं.

'सगळं' म्हणजे नेमकं किती?

इथे दुसऱ्या माणसाकडे वळू: "सगळं तर फोनवर आहे."

हे म्हणणाऱ्याला फोनवर काय नाही हे कधीच दिसत नाही, कारण सर्चमध्ये जे नसतं त्याची यादी येत नाही. मुंबईत १९३५ ते १९५५ या काळात 'यंग इंडिया' नावाचं एक देशी लेबल होतं. मोठ्या परदेशी कंपनीच्या जोडीने उभं राहिलेलं, नवख्या आणि हौशी कलाकारांना माइकसमोर उभं करणारं. कंपनी बंद पडली. जुना माल नव्याने काढावा म्हणून धडपडणारी वारसदार कंपनी उरली नाही. मग या तबकड्या आणि त्यांचे कॅटलॉग डिजिटल करण्याचं काम कुणी केलं? मुंबईच्याच संग्राहकांनी. आणि पैसा कुणाचा? ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या योजनेचा. स्वदेशीच्या जोशात निघालेलं लेबल वाचवायला मदत लंडनहून आली.

भारतातल्या सुरुवातीच्या मुद्रणांची, म्हणजे १८९९ ते १९०८ च्या रेकॉर्ड्सची तपशीलवार सूची हवी असेल तर मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने १९९४ मध्ये काढलेलं पुस्तक बघावं लागतं. ते करणारे मायकेल किनिअर ऑस्ट्रेलियाचे. आपण मात्र 'सगळं नेटवर आहे' म्हणून निवांत.

जे आहे त्याची अवस्थाही बघा. कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपवर जुनं नाट्यपद शोधा. साल दिसेल २००९, कारण ते कुठल्याशा संकलनाच्या सीडीचं साल. गायकाच्या जागी 'विविध कलाकार'. नाटकाचं नाव असलं तर असलं. पदकार, संगीतकार, ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, काही नाही. उलट साध्या रेकॉर्डच्या कागदी लेबलवर गायकाचं नाव असतं, कॅटलॉग क्रमांक असतो, आणि लेबलाजवळच्या कोऱ्या कडेवर एक मॅट्रिक्स क्रमांक उमटवलेला असतो. त्यावरून मुद्रणाचा काळ शोधता येतो. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीला प्रायमरी की आहे, अब्जावधींच्या ॲपमध्ये तिचा पत्ता नाही. मराठीत हे काम नीट केलंय ते 'आठवणीतली गाणी'सारख्या संकेतस्थळाने: गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा, राग कुठला. तेही मोठ्या कंपनीच्या भांडवलावर नाही, गाण्याच्या प्रेमापोटी.

सुरांचंही तेच. '७८' हा आकडा फार उशिरा पक्का झाला. जुन्या कित्येक रेकॉर्ड्स प्रत्यक्षात कमीजास्त वेगाने मुद्रित झाल्या होत्या. हिशोब सोपा आहे. वेग सहा टक्क्यांनी, म्हणजे साधारण साडेचार फेऱ्यांनी वाढला की सूर अर्ध्या पट्टीने चढतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये गातोय असं वाटतं, वर घाई झाल्यासारखा. नेटवरच्या अनेक जुन्या फाइल्स वेग न तपासता चढवलेल्या आहेत. "जुने लोक किती चिरक्या आवाजात गायचे" असं म्हणणाऱ्यांनी आधी वेग तपासावा. तो आवाज बऱ्याचदा गायकाचा नसतो, फाइल चढवणाऱ्याच्या आळसाचा असतो.

जे रेकॉर्डवर आलं तेच पुढे टिकलं, हेही लक्षात घ्या. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालं, ५६ गीतं. तेव्हा ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा अनेकांनी गायली होती. पण १९६५ मध्ये एचएमव्हीने सुधीर फडक्यांच्या आवाजात दहा एलपींचा संच काढला, आणि आपल्या पिढीला 'गीतरामायण' म्हटलं की तोच आवाज आठवतो. बाबूजींच्या गाण्याला मी नावं ठेवत नाही. ठेवली तर घरचे जेवायला देणार नाहीत. पण तबकडी झाली की गाणं उरतं, नाही झाली की आठवण उरते, एवढंच सांगायचंय.

कुलूप लावणारे

आता तिसरा माणूस. याच्याशी भांडणं सर्वांत अवघड, कारण आपण त्याचं देणं लागतो. कंपन्या, संस्था, सरकार सगळ्यांनी फेकून दिलं तेव्हा यानेच चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात उन्हातान्हात बसून तबकड्या निवडल्या. घरच्यांची बोलणी खाल्ली. त्याची भीतीही खोटी नाही. त्याने फाइल दिली की उद्या कुणीतरी त्यावर आपला शिक्का मारून पैसे कमावणार, आणि याचं नावही घेणार नाही.

हे सगळं मान्य. तरी त्याने कुलूप उघडावं असंच मी म्हणेन. लाख ठिसूळ असते, माळ्यावर ओल येते, आणि माणूस जातो. तो गेल्यावर मुलं त्या कपाटाचं काय करतात हे जुन्या पनवेलमध्ये येऊन बघा. वाडे पडतायत, विमानतळामुळे जागेला सोन्याचा भाव आलाय, आणि रिकाम्या होणाऱ्या घरांतलं सामान टेम्पोत भरून भंगारात चाललंय. माझ्या संग्रहातल्या निम्म्या रेकॉर्ड्स अशाच एका भंगारच्या दुकानातून आल्या आहेत, पितळेच्या समया आणि मोडक्या पंख्यांच्या मधून. ज्याने त्या जमवल्या, त्याचं नाव कव्हरवर निळ्या शाईने लिहिलेलं आहे. त्यानेही जपूनच ठेवल्या असणार.

कॉपीची एकच प्रत असेल तर ती प्रत नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. "माझ्याकडेच आहे" ही अभिमानाने सांगायची गोष्ट नाही. ती धोक्याची सूचना आहे.

कायद्याची भीती दाखवणारे भेटतात. तर कायदा बघू. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. १९६० साली निघालेल्या रेकॉर्डचा हक्क २०२० अखेर संपला. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा: रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आता 'मानापमान' घ्या, १९११ चं नाटक. पदं कृ. प्र. खाडिलकरांची, ते १९४८ मध्ये गेले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते १९५५ मध्ये गेले. म्हणजे त्या नाटकाच्या जुन्या रेकॉर्ड्स तिन्ही बाजूंनी मोकळ्या आहेत. त्या आता कुणाच्या मालकीच्या नाहीत, म्हणजे सगळ्यांच्या आहेत.

तरीही मी अशीच एक शतकाच्या घरातली ७८ एका साइटवर चढवली, तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर एका कंपनीचा स्वयंचलित दावा येऊन पडला. मी वाद घातला, तारखा दिल्या, तेव्हा दावा मागे घेतला गेला. माणसाने नाही, मशीनने केलेला दावा होता. पण माघार घ्यायला लावायला माणूस लागला. इंटरनेट आर्काइव्हने लाखो ७८ डिजिटल करायला घेतल्या, तेव्हा २०२३ मध्ये बड्या कंपन्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. म्हणून तर मोकळं काय आणि बांधलेलं काय हे आपल्याला नीट माहीत हवं. हक्क वापरला नाही की तो असूनही नसल्यासारखा.

आणि उघडं ठेवण्यातून काय होऊ शकतं, याचं माझं लाडकं उदाहरण. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे आवाज पाठवायचं ठरवलं. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी भारतातून केसरबाई केरकर यांची भैरवी सुचवली. पण रेकॉर्ड मिळेना. शेवटी ॲन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात सापडली, एका खोक्यात पडलेली. गोव्यातल्या केरी गावची बाई, अल्लादिया खाँ यांची शिष्या, मोजक्याच रेकॉर्ड्स दिलेली. तिचा साडेतीन मिनिटांचा आवाज आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे चाललाय. त्या दुकानदाराने ते खोकं कचऱ्यात दिलं असतं, किंवा "विकायची नाही" म्हणून कुलपात ठेवलं असतं, तर?

आपल्याकडेही असं खोकं उघडणारे लोक आहेत. १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेकॉर्ड्स ऐकवण्याचे कार्यक्रम केले, 'द रेकॉर्ड न्यूज' हा अंक काढला, माहिती वाटली. संग्राहक म्हणावं ते यांना. बाकीचे चौकीदार.

मग करायचं काय?

फोन हा माझा शत्रू नाही. हे तुम्ही फोनवरच वाचताय. माझा हट्ट उलटा आहे. रेकॉर्ड शेवटी फोनमध्ये पोचली पाहिजे, पण पूर्ण ओळखीसह, योग्य सुरात.

हे काम अवघड नाही. आधी लेबलचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढा, कडेवरचा क्रमांकही. ७८ साठी जाड पिन लागते, एलपीच्या पिनेच्या साधारण तिप्पट. एलपीची पिन लावून ७८ वाजवू नका. मुद्रण करताना खरखर काढायच्या मागे लागू नका. खरखरीबरोबर आवाजाची धारही जाते, आणि ती साफसफाई पुढे कुणीही करू शकेल. २४ बिटची मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी. मग जे कायद्याने मोकळं आहे ते नाव-साल-क्रमांकासह सगळ्यांसाठी ठेवा. जे मोकळं नाही, त्याची निदान यादी जाहीर करा. यादीवर कुणाचाही कॉपीराइट दावा येत नाही.

हे करायला पंचवीस हजारांचा प्लेअर लागत नाही. गावात ज्याच्याकडे बरा प्लेअर आहे, अशा एकाशी मैत्री लागते.

आणि ज्यांच्याकडे एकही रेकॉर्ड नाही, त्यांच्यासाठी एकच विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळा उतरवाल, तेव्हा काळ्या तबकड्यांचं खोकं निघालं तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी लेबलवरची नावं वाचा. मोठ्याने वाचा. घरात कुणीतरी म्हातारं माणूस बसलेलं असेल. ते लगेच सांगेल, कुठली बाजू आधी लावायची.